एकशे सतरा नंबरचं कार्ड

१

“बाई, धन्याला इचारून पान्याचा ठाव न्हाय लागायचा. एकदा आमच्या सुनांस्नी एकट्यानं इचारा की. आन् त्या दगडाबाईच्या लीलाकडं जरा ध्यान ठिवा. पोर लई सोसती.”

मुरडगीची म्हातारी गोजरबाई हे बोलली, त्याला वर्ष होऊन गेलं. दाक्षायणी तेव्हा तिच्या ओसरीवर बसून, मांडीवर पुठ्ठा ठेवून कार्डं भरत होती. चारची एस.टी. गाठायची होती. सोलापुरात बाळीवेशीतल्या घरी सहा महिन्यांची अक्कू भुकेनं रडत असणार, हे तिला छातीतल्या ठणक्यावरूनच कळत होतं. तिनं पेनाला टोपण लावलं आणि हसून म्हटलं, “आजी, कागदावर तसा रकाना नाही हो.”

गोजरबाईनं तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली.

ते स्वतःचं हसणं दाक्षायणीला पुढं फार दिवस छळणार होतं.

१९७८ सालच्या वैशाखातला सोमवार. सकाळपासूनच दिवस वाकडा निघाला होता. शेजारची प्रभा रोज सकाळी अक्कूला घटकाभर कडेवर घेऊन फिरवायची, तेवढ्यात दाक्षायणीचं आवरून व्हायचं. आज प्रभा दारातूनच म्हणाली, “आज नको, वहिनी.” आणि आत गेली. बरं नाही की रागावली, कळेना. अक्कूला सासूबाईंच्या हवाली करून, पाणी उकळलंय का, फडकं दुपदरी बांधलंय का, हे दोनदा बघून ती कशीबशी ऑफिसात पोचली.

ऑफिस म्हणजे सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या दोन खोल्या. काम एकच होतं. पाणी सुधारल्यामुळं गावाचा किती फायदा झाला, ते मोजायचं. मुरडगी हे होटगीच्या पुढं दोन कोसांवरचं गाव. पूर्वी तिथं पायऱ्यांची बारव होती. लोक पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागरी भरत, आणि त्याच पाण्यातून नारू गावभर फिरे. पाण्यातून पोटात गेलेला किडा वर्षभर अंगात वाढून दोऱ्यासारखा पायातून बाहेर येई. तो काडीवर रोज बोटभर गुंडाळत माणूस महिना दीड महिना अंथरुणाला खिळे. दोन उन्हाळ्यांमागं बारवेला बाभळीचं कुंपण घातलं आणि काठ बांधलेली, रहाटाची नवी विहीर गावाला मिळाली. त्यामुळं मजुरीचे किती दिवस वाचले, हे दोनशे बारा घरांच्या दोनशे बारा कार्डांवर लिहिलेलं होतं. शुक्रवारी पुण्याहून समिती यायची होती. मुरडगीचा आकडा चांगला निघाला तर आणखी चाळीस गावांना असेच रहाट बसणार होते.

दाक्षायणीनं पत्र्याची पेटी उघडली. कुलूप जागेवर होतं. कार्डंही नंबरवार लावलेली होती. तिनं सवयीनं अंगठा फिरवत मोजायला घेतली आणि तिचा अंगठा थांबला.

पुन्हा मोजली. दोनशे तीन.

नऊ घरं पेटीतून नाहीशी झाली होती.

२

दाक्षायणीची एक खोड होती. घरी गॅस बंद केला का हे ती तीनदा बघे, तसंच ऑफिसात आलेल्या प्रत्येक कार्डाचा सारांश आपल्या वहीत उतरवून ठेवी. सगळे तिला हसत. आज तीच वही तिनं काढली आणि गेलेले नंबर टिपून घेतले.

नऊपैकी आठ कार्डांपुढं तिच्या वहीत लिहिलेलं होतं : ‘यंदा नारू – घरात एक. मजुरी बुडाली – नाही.’ ज्या घरात यंदा नारू निघाला, त्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण करायची पद्धत होती. म्हणजे लाल खुणेची आठही कार्डं कुणीतरी वेचून नेली होती.

पण नववं? एकशे सतरा नंबर. त्या घरात नारू नव्हता. खूण नव्हती. काहीच नव्हतं. मग ते कशाला नेलं?

ती वेणीमाधव सरांच्या टेबलाशी गेली. सर ऑफिसचे मुख्य. संख्याशास्त्रात पुण्याला पहिले आलेले, पांढरा झब्बा, बोलणं मऊ.

“आठ घरं गेली तरी आकडा हलत नाही हो,” सर म्हणाले. “त्यांची मजुरी बुडालेलीच नाही. फायदा तेवढाच राहतो.”

“पण नारू आहे ना, सर! बारव बंद होऊन दोन वर्षं झाली. किडा वर्षात बाहेर येतो. यंदा आला, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी बंद बारवेचं पाणी प्यायलंय.”

सरांनी चष्मा पुसला. “दाक्षायणीबाई, जे मोजता येतं ते लिहायचं. खरं सांगू? ही आठ नसती तर ‘नारूमुक्त’ असंच लिहिता आलं असतं. शुक्रवारी बरं दिसलं असतं.” आणि मग तिच्या नजरेकडं पाहून घाईनं, “अहो, मी नाही काढली!”

एकनाथ खिडकीशी सायकलच्या चेनचं तेल हातावरून पुसत बसला होता. मुरडगीची यंदाची कार्डं त्यानंच भरली होती.

“माझ्याकडं काय बघता, वहिनी? मी दारोदार फिरलोय.”

“दारोदार, की पारावर बसून?”

एकनाथ ओशाळला. “कुटुंबप्रमुख पारावरच असतात सगळे. तिथंच विचारतो. नारू आहे का? आहे एक. मजुरी बुडाली का? नाही. झालं कार्ड.”

“नारू कुणाला, हे नाही विचारलंस?”

“रकाना कुठाय तसा?”

हेच वाक्य वर्षापूर्वी आपणच गोजरबाईला म्हटलं होतं, ते दाक्षायणीला आठवलं.

“शनिवारी कोण आलं होतं इथं?”

“मुरडगीचे सरपंच, शरणप्पा. लाल खुणेची घरं किती ते विचारत होते. मी म्हटलं आठ. पेटी उघडून लांबनं दाखवली पण. त्यांना घामच फुटला. रंभाबाईंनी पाणी आणून दिलं तेव्हा कुठं बोलले. म्हणाले, या लाल घरांनी गावाचं नाक कापलं, एकेकीला माहेरी धाडतो.”

पेटीची किल्ली माठामागच्या खिळ्याला असे. हे सर, एकनाथ, दाक्षायणी यांना ठाऊक होतं, आणि शनिवारपासून शरणप्पालाही.

माठाशी रंभाबाई पाणी गाळत उभी होती. ऑफिसात झाडलोट करणारी, पाणी भरणारी बाई. तिची एकुलती लेक लीला मुरडगीला दगडाबाईच्या घरात दिलेली. एरवी सोमवारी ती दाक्षायणीला हटकून विचारायची, “ताई, माज्या लीलाच्या गावाला कवा जाताय?” लीलालाही अक्कूएवढंच लेकरू होतं.

आज रंभाबाईनं काहीच विचारलं नाही.

दाक्षायणीनं वही उघडली. लाल खुणेच्या आठ घरांत एक घर दगडाबाईचं होतं.

३

मंगळवारी ती एकनाथला घेऊन मुरडगीला गेली. सरांना सांगितलं, कार्डं पुन्हा भरून आणते. मनात दुसरंच होतं.

शरणप्पा पारावरच भेटला. कपाळाला विभूती, खांद्यावर टॉवेल. एकनाथनं आल्या आल्या कार्डं गेल्याचं सांगून टाकलं.

“या अक्का, या! मी चोरली म्हणता व्हय कार्डं?” तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “चोरून काय करू? तुमच्या वहीत असतंयच की सगळं. हे बघा, दुष्काळात खडी फोडली आम्ही, तेव्हा लाज न्हाय वाटली. पण नारूचं गाव म्हणून पोरी देईनात लोक, तेव्हा लाज वाटली. आता कुठं दोन वर्षांत सात लग्नं जमली गावात. हा फायदा लिहिलाय का तुमच्या कार्डावर?”

तेही कार्डावर नव्हतं.

एकनाथला पारावर बसवून ती एकटीच गोजरबाईच्या ओसरीवर गेली. म्हातारीनं तिला ओळखलं.

“आलीस व्हय? वरीस लागलं बाई तुला, चार पावलं यायला.”

गोजरबाईनं निरोप धाडले. हळूहळू सात जणी आल्या. दार लोटून घेतल्यावर एकेकीनं लुगडं घोट्याच्या वर उचललं. पायाला चिंधी, चिंधीत काडी, काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा. दाक्षायणीनं एकेकीला विचारलं आणि लिहून घेतलं. घरात नारू कुणाला? मलाच. नवऱ्याला? न्हाय. पोरांना? न्हाय. सासूला? न्हाय. अंथरुणाला किती दिवस? म्हयना, दीड म्हयना. साती जणी विशीपंचविशीतल्या, लग्न झालेल्या.

“बारवेचं पाणी पिता का?”

कोपऱ्यातली एक पदरात हसली.

“रहाटाचंच पितो की,” दुसरी पटकन म्हणाली.

“मी पिते रहाटाचं, बारा म्हयने,” गोजरबाई म्हणाली. “मला आता कोन अडवतंय? माजं सगळं सरलं!”

त्यावर सगळ्याच खुसखुसल्या. दाक्षायणीही हसली, पण हसण्यासारखं काय होतं ते तिला कळलं नाही.

बाहेर विहिरीवर शरणप्पाची सून निंगव्वा रहाटानं पाणी ओढत होती. तीही विशीतलीच. पाय स्वच्छ, चाल ताठ.

“तुमच्या गल्लीत कुणाला नारू?” दाक्षायणीनं विचारलं.

“न्हाय अक्का. आमच्यात एकीलाबी न्हाय.”

“पाणी?”

“हेच. दुसरं कुठलं?”

तीच विहीर आणि तोच दोर. एका गल्लीतल्या सुनांना नारू, दुसरीतल्या सुनांना नाही. दाक्षायणीला काही केल्या मेळ बसेना.

आठवी उरली होती. दगडाबाईच्या अंगणात कुणी नव्हतं. कुंपणावर कपडे वाळत होते. लुगडं, धोतर, एक इवलंसं झबलं. झबल्याच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबत होता.

दगडाबाई बाहेर आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

“लीला कुठंय, मावशी?”

“माह्यारी गेलीया. आठ दिस झालं. तुमच्याच सोलापुरात, आईकडं. पाय दुकत हुता, म्हनलं जा, इसावा घे.”

दाक्षायणीला हायसं वाटलं. रंभाबाईकडं आहे तर पोर. बरं झालं. एस.टी.त बसल्यावरही तिला काहीतरी सलत राहिलं, घरातून निघताना काहीतरी विसरल्यासारखं. पण काय, ते आठवेना.

४

संध्याकाळी अक्कूला भरवताना मागच्या भिंतीवरून हाक आली.

“वहिनी, अहो वहिनी! एक तांब्या पाणी वरून ओता ना.”

भिंतीपलीकडं प्रभा उभी होती. शाळेत शिकवणारी, नीटनेटकी प्रभा, ओठ सुकलेले.

“काय गं, माठ रिकामा?”

“माठ भरलेला आहे, दोन हातांवर. पण शिवायचं नाही ना. कालपासून बाजूला बसलेय.” प्रभा कसनुसं हसली. “हे अक्कलकोटला गेलेत, सासूबाई दुपारपासून भजनाला. तांब्या केव्हाच संपला. अजून थोडा वेळ गेला असता, तर मागच्या हौदातलंच प्यायले असते बघा.”

दाक्षायणीनं तांब्या भरला. भिंतीवरून वाकून प्रभाच्या भांड्यात धार धरली. आणि धार मध्येच थांबली.

“अहो, ओता ना!”

तिच्या घरात हे कधी नव्हतंच. गळ्यात इष्टलिंग बांधणाऱ्या लिंगायत बाईला विटाळ नाही, असं सासूबाई म्हणत, माहेरीही तेच. ती चारही दिवस स्वयंपाक करी, पाणी भरी. म्हणून तर काल सकाळी प्रभा का दूर राहिली, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि म्हणूनच शरणप्पाच्या, निंगव्वाच्या लिंगायत गल्लीत नारू नव्हता!

‘मला आता कोन अडवतंय? माजं सगळं सरलं!’

बारवेला पायऱ्या होत्या. पायऱ्या उतरायला कुणाच्या वस्तूला शिवावं लागत नव्हतं. बाजूला बसलेली बाई एका कडेनं उतरून आपली घागर भरून घेई. नवीन विहिरीला मात्र एकच रहाट, एकच दोर, सगळ्या गावाचा. त्या दोराला विटाळाचा हात चालत नव्हता. चार दिवस दुसऱ्या कुणी ओतलं तर प्यायचं. उन्हाळ्यात सगळं घर खळ्यावर, रानात. तांब्या दुपारीच संपतो. मग बाभळीचं कुंपण सारायचं आणि उतरायचं जुन्या पायऱ्या.

म्हाताऱ्या सुटल्या होत्या. पोरी, पुरुष सुटले होते. घागरीनं घरात आलेलं पाणी सगळ्यांना स्वच्छ मिळत होतं. फक्त घागर भरणारी महिन्यातले चार दिवस ते किड्याचं पाणी पीत होती.

आणि तिची मजुरी बुडत नव्हती, कारण तिला मजुरीच नव्हती.

दाक्षायणीनं प्रभाचं भांडं भरलं, मग तिची घागर मागवून तीही भरली. नारू कुठून आला ते कळलं होतं. कार्डं कुणी नेली, ते अजून कळलं नव्हतं.

५

बुधवारी सकाळी न्याहारी न करताच ती ऑफिसला आली. सर आणि एकनाथ यायचे होते. डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली. चटणीचं तेल कागदावर पसरून लालभडक डाग पडला होता.

ती डागाकडं बघत राहिली.

मागच्या आठवड्यात असंच जेवताना एका कार्डावर तेल सांडलं होतं. नेमकं कोपऱ्यात. तिनं पुसलं होतं, तरी लाल उरलंच होतं. ते कार्ड एकशे सतरा नंबरचं.

सरांनी काढली असती तर एकशे सतरावर ‘नारू नाही’ लिहिलेलं त्यांनी वाचलं असतं. एकनाथनं तर ते स्वतःच भरलं होतं. शरणप्पा झोकात इंग्रजी सही करतो. ज्यानं कार्डं काढली, त्यानं एक अक्षरही वाचलं नव्हतं. त्यानं फक्त लाल बघितलं.

बाहेर माठ विसळण्याचा आवाज आला. दाक्षायणी उठली.

“रंभाबाई.”

रंभाबाईनं वळून पाहिलं आणि त्या चेहऱ्यावर तिनं सगळं वाचलं. शनिवारी पाण्याचा रिकामा पेला घेऊन ती दारात उभी असताना शरणप्पा म्हणाला होता, एकेकीला माहेरी धाडतो.

“तुम्हाला एकच कार्ड हवं होतं ना? लीलाचं?”

रंभाबाईनं माठ खाली ठेवला आणि तिथंच बसली. “वाचाया येत न्हाय ताई. तिला नारू झाल्याचं कानावर आलंतं, पर कंचं तिचं, कसं कळावं? म्हनून लाल दिसली तेवडी घेतली. एकदा परत धाडलीती तिला, पयली पोरगी झाली म्हनून. पुन्यांदा धाडली तर तिथं कोन नांदवंल तिला?” तिनं पदर तोंडाशी नेला. “जाळायला काडीबी वडली. पर कागदात माज्या लेकीचं नाव हाय. जाळू कसं? तिच्या ल्हानपनीच्या परकरात गुंडाळून ठिवल्यात. पोलिसात देताय व्हय?”

“नाही हो. उद्या आणून द्या, मी कुणाला काही सांगणार नाही.” दाक्षायणी तिच्यापाशी उकिडवी बसली. “आणि लीलाला आज दवाखान्यात दाखवू. आलीच आहे तुमच्याकडं, तर...”

रंभाबाईचा पदर खाली आला.

“माज्याकडं?”

“आठ दिवस झाले ना येऊन?”

“ताई, काय बोलताय तुमी? लीला न्हाय आली माज्याकडं. संक्रांतीपासनं मी तिचं तोंड न्हाय बगितलं!”

६

होटगीपर्यंत एस.टी., पुढं मिळेल त्या बैलगाडीनं. सारी वाट दाक्षायणी डोळे मिटून कालचं अंगण पुन्हा पुन्हा आठवत होती. लुगडं. धोतर. झबलं.

झबलं!

आठ दिवसांपूर्वी सोलापूरला गेलेल्या लेकराचं झबलं काल दुपारी ओलं कसं? लेकरू गावातच आहे. अंगावर पिणारं लेकरू, म्हणजे आईही गावातच. आणि दगडाबाई घरातून बाहेर पडत होती, ती फडक्यात भाकरी बांधून.

शरणप्पा पारावर होता. दाक्षायणी थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“लीला कुठंय?”

“अक्का, मी फक्त म्हटलं, शुक्रवारपर्यंत लंगडणारं माणूस रस्त्यावर दिसू नको. जिला माहेर हाय तिनं माहेरी जावं. एवढंच. दगडाबाई म्हणाली, धाडली...”

“धाडली नाही. तुमच्या समितीपासून लपवलीय.” तिचा आवाज चिरकला. “आमच्या समितीपासून. दगडाबाईचं रान कुठं?”

शरणप्पाचा चेहरा उतरला. तो चपला घालायचंही विसरून पुढं निघाला.

रान ओढ्यापलीकडं. कडब्याच्या गंजीमागं पाल्याची खोप. रंभाबाई सगळ्यांच्या आधी वाकून आत शिरली आणि तिचा जो आवाज निघाला, तो दाक्षायणी कधीच विसरणार नव्हती.

लीला घोंगडीवर पडली होती. नारू ओढताना तुटला होता. पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होता, घोंगडीला वास येत होता. उशाशी भाकरी तशीच बांधलेली, तांब्या आडवा. दीड वर्षाची पोर आईच्या अंगाला लुचत होती, आणि आईला त्याची शुद्ध नव्हती. दाक्षायणीनं कपाळावर हात ठेवला, तो चटका बसल्यासारखा मागं आला.

लीलानं डोळे उघडले.

“ताई,” ती म्हणाली, “सुक्करवार झाला का? मंग म्या घरी जाऊ?”

शरणप्पानं तोंड फिरवलं. मग त्यानंच खोपीच्या दाराचं झाप उखडलं, त्यावर लीलाला निजवलं आणि स्वतः एक टोक धरलं. ओढ्याशी दगडाबाई समोर आली. तिनं झापावर काय आहे ते बघितलं आणि आपल्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घ्यायला लागली. “मला वाटलं, चार दिसांचं तर हाय! मला वाटलं, तिचं घर ऱ्हाईल!”

गाडी जुंपली. होटगीला दुपारची पॅसेंजर मिळाली. डब्यात रंभाबाई लेकीच्या ओठांवर ओलं फडकं फिरवत राहिली, आणि दाक्षायणी लेकराला मांडीवर घेऊन बसली. लेकरानं तिच्या पदराची मूठ धरली, अक्कू धरते तशीच घट्ट.

सोलापुरात डॉक्टर म्हणाले, “उद्यावर ढकललं असतं, तर काही सांगता आलं नसतं.”

७

शुक्रवारी समिती आली. त्या सकाळी रंभाबाईनं परकरातली कार्डं टेबलावर आणून ठेवली होती. सरांनी नऊही मोजली. कार्डं कशी गेली, ते त्यांनी विचारलं नाही; विचारलं असतं तरी दाक्षायणी सांगणार नव्हती. तिनं प्रत्येक कार्डावर पट्टीनं एक नवा रकाना आखला होता : ‘नारू कुणाला. अंथरुणाला किती दिवस.’

वेणीमाधव सरांनी पेन उघडलं.

“यांच्या दिवसाला दर काय लावू, बाई?”

“दर नंतर लावा, सर. आधी दिवस तर लिहा.”

सरांनी लिहिले. आठ घरं, तीनशे त्रेचाळीस दिवस. ‘नारूमुक्त’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला. समितीच्या गृहस्थांनी ते पान वाचलं, चष्म्यावरून दाक्षायणीकडं पाहिलं, आणि पुढचं पान उलटलं. चाळीस गावांचं काय होणार, ते त्या दिवशी कुणी सांगितलं नाही.

लीला जगली. गुडघा मात्र पुरता वाकत नाही. दगडाबाईनं तिला घरी नेलं, तेव्हा शरणप्पा स्वतः बरोबर होता. बारव दगडमातीनं बुजवली. आता दुपारी सगळे रानात गेले, की गोजरबाई रहाटाशी येऊन बसते. बाजूला बसलेल्या सुना लांब घागरी ठेवून उभ्या राहतात, आणि म्हातारी त्यांच्या घागरींत पाणी ओतते. “माजं सगळं सरलं,” ती म्हणते, “तवा येवडं तरी करते.” तिच्यानंतर कोण ओतणार, ते तिला विचारायचं दाक्षायणीला धाडस होत नाही.

ती अजूनही घरातलं पाणी दोनदा बघते. पण आता बाहेर पडताना प्रभाच्या दारातही डोकावते.

तुम्हीही एवढं करा. हे वाचून हातावेगळं केलंत, की उठा. तुमच्या घरात नाहीतर शेजारी, परसात, माजघराच्या कोपऱ्यात, कुणी एकटी बाजूला बसली असेल. ती मागणार नाही. तिचा तांब्या भरलेला आहे का, एकदा जाऊन बघून या.